३० किमीनंतर चवडा पेटतो? पातळ सोलच्या ट्रेल शूजमधलं दुखणं मी कसं शोधतो

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं ते कळेल.

पातळ सोलचे झिरो ड्रॉपवाले ट्रेल शूज घालून तुम्ही लांब पळताय, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर आणि खाली जेमतेम थोडं रबर. पहिले वीस-पंचवीस किमी मजेत जातात, उलट वाटतं काय हलके बूट आहेत, आणि मग तिसाच्या आसपास चवड्याखाली कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं सुरू होतं. सपाट रस्त्यावर सहन होतं पण खडा आला की जीव जातो. तळपायाची आग मस्तकात जाते हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो नक्की असल्याच बुटात पळत असणार.

आता यातही प्रकार आहेत आणि ते वेगळे करणं महत्त्वाचं. जळजळ दोन्ही पायांत, पसरलेली, आणि बूट काढून बसलं की दहा-पंधरा मिनिटांत उतरते, हा सगळ्यात कॉमन प्रकार आणि सुदैवाने सगळ्यात स्वस्त. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधे करंट लागतो, बोटं बधिर होतात, मोजा गोळा होऊन चवड्याखाली अडकलाय असं वाटतं पण काढून बघितलं तर मोजा नीट असतो, ही नस दबण्याची तक्रार. पायाच्या वरच्या बाजूला लेसखाली दुखतं आणि बोटं वर उचलली की जास्त, ते वेगळं. सकाळी खाटेवरून उतरल्यावर पहिली चार पावलं टाचेच्या मागे ओढ बसते आणि पोटऱ्या दगड, ते आणखी वेगळं.

आणि शेवटचा प्रकार. एकाच पायात, एकाच हाडावर, "इथे" म्हणून एका बोटाने दाखवता येईल असं दुखतंय, वरून थोडी सूज आहे. हे असेल तर मधलं सगळं सोडा, खाली थांबायचं कधी ते लिहिलंय तिथे जा आणि आजचं पळणं रद्द करा.

मी गोव्यातल्या डिचोलीचा, काम खुर्चीवरचं, पळणं सकाळी साडेचारला, पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू ऐकू यायच्या आधी. ५० किमीच्या शर्यती बऱ्याच झाल्या, १०० ची एकच, ती पण रडतखडत. हे चवड्याचं दुखणं माझ्या स्वतःच्या पायाला चार वेळा आलं आणि चारही वेळा कारण वेगळं निघालं, नंतर ग्रुपमधल्या लोकांचं बघायला लागलो कारण परवासुद्धा मयेच्या तळ्याकडे एक जण बूट काढून चवडा दाबत बसलेला आणि म्हणत होता की बूटच भिकार आहेत, नवीन मागवतो. सगळे हेच करतात. दुखलं की पहिलं आठ-दहा हजाराचं पार्सल, आणि त्या पार्सलमधून तेच दुखणं परत घरी येतं. म्हणून मी उलटीकडून जातो, आधी फुकटचं, मग शंभर रुपयांचं, मग हजाराचं, आणि हाड-बीड शेवटी.

लेस. हसू नका. तीन-चार तास गरमीत पळाल्यावर पाय सुजतो, सगळ्यांचाच सुजतो, आणि पहाटे घरी बसून आवळलेली लेस तिथेच असते. पातळ बुटाचं वरचं कापड मऊ असतं, आत गादी नसते, त्यामुळे लेसचा दाब थेट पायावर. पुढच्या बाजूला आवळलं की चवड्याची हाडं एकमेकांच्या जवळ येतात आणि मधली नस चेपते, वरच्या बाजूला आवळलं की अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा बधिर होते. माझा पहिला शोध असाच लागला. केरीकडे अंजुणे धरणाच्या बाजूला एका उतारावर पाय पुढे सरकत होता म्हणून मी सगळ्या लेसा खचकन ओढल्या, खालपासून वरपर्यंत, आणि पुढच्या पाच किमीत दोन्ही चवडे पेटले. बूट काढला तर पायावर लेसचे चार आडवे वळ, खाटेच्या सुंभाचे उमटतात तसे, आणि शेवटच्या वळाखालची कातडी जांभळट.

करायचं काय, तर खालची तीन भोकं सैल आणि फक्त वरची दोन घट्ट. उतारावर पाय सरकू नये म्हणून सगळ्यात वरच्या जास्तीच्या भोकातून लेसचा फास करून त्यात दुसरी बाजू ओवायची, म्हणजे टाच जागेवर राहते आणि पुढे मोकळं. जिथे वळ उठतो तिथली लेसची एक फुली सोडूनच द्या, लेस सरळ वर न्या. आणि १५ किमीला, दुखत नसलं तरी, थांबून लेस एकदा पूर्ण सोडून परत बांधा. एक मिनिट जातं. आमच्या ग्रुपातल्या निम्म्या तरी तक्रारी इथेच संपल्या असं मी छातीठोक सांगेन.

बुटाच्या आत हात घाला. डोळ्यांनी बघून कळत नाही, हातच घालायचा. इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा आणि खाली बघा. आपल्याकडची लाल माती काय चीज आहे हे बाहेरच्यांना समजत नाही, जांभ्याची ती बारीक भुकटी मोज्यातून गाळून आत जाते आणि घामाबरोबर तिचा लेप होतो, सुकला की पॉलिश पेपर. माझ्या एका बुटात इनसोलच्या खाली बरोबर दुसऱ्या बोटाच्या मुळाशी लाल ढेकूळ बसलेलं होतं, चिंचोक्याएवढं, कडक झालेलं, आणि मी महिनाभर त्याच्यावर पळत होतो आणि यूट्यूबवर नसांचे व्हिडिओ बघत होतो. जाड बुटात असलं ढेकूळ फोममधे जिरतं. पातळ बुटात जिरायला जागा नाही, तीच तर त्याची ख्याती. ओला इनसोल पुढे सरकून दुमडतो तेही इथेच दिसेल. तसं असेल तर दोन ठिकाणी डबल टेपने चिकटवा, विषय संपला.

ओलावा. इथे जरा थांबतो कारण गोव्यात हा मुद्दा मोठा आहे आणि बेंगळूर-पुण्याकडच्या लोकांनी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. मे महिन्यात सकाळी सहालासुद्धा अंगातून धारा, घाम सुकतच नाही, पायातून ओघळून बुटात उतरतो. जून ते सप्टेंबर तर प्रश्नच नाही, सत्तरी तालुक्यात कुठल्याही वाटेला लागा, दर किमीला एक तरी व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा असतो. तीन तास भिजलेली तळव्याची कातडी पांढरी पडते, सुरकुत्या येतात, मऊ होते, आणि मग त्या सुरकुत्यांच्या घडीवर घडी घासून जी आग होते ती फोडासारखी दिसत नाही पण फोडापेक्षा वाईट लागते. लोक तिला हाडाचं दुखणं समजतात. ओळखायची खूण सोपी आहे, बूट काढल्यावर तळवा भिजत घातलेल्या पोह्यासारखा दिसत असेल आणि तासाभरात सुकल्यावर आग गेली तर हाडाबिडाचं काही नाही.

यावर उपाय असा की कॉटनचे मोजे पहिले फेकून द्या, ते पाणी धरून ठेवतात. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, बोटं वेगळी असलेले मिळाले तर उत्तम, फक्त घालताना वेळ लागतो आणि पहिल्यांदा बघून घरचे हसतात. पळायच्या आधी तळव्याला, बोटांच्या मधे व्हॅसलिन चोपडा, अगदी हात राखून नको. आमच्याकडे आजी म्हणायची खोबरेल लाव, खोबरेल चालतं पण तासाभरात धुऊन जातं, लांबच्या पळण्याला ते पुरत नाही. २५ किमीला कोरडे मोजे बदलायचे, त्यासाठी एक जोडी झिपलॉक पिशवीत, आणि बदलताना दोन मिनिटं पाय उघडे ठेवून पुसायचे. बुटाला पाणी बाहेर जायला जाळी आहे का तेही बघा. वॉटरप्रूफ बूट इथे घेऊ नका हो, वरून पाणी शिरतं ते शिरतंच आणि मग आत तळं.

घट्टे आणि नखं पटकन उरकतो. चवड्यावर जाड घट्टा असेल तर त्याची कड आतल्या मऊ कातडीवर दाबते, आंघोळीनंतर वजरीने घासून पातळ करा, ब्लेडने कापू नका. नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

साइज. हे फुकट तपासता येतं पण दुरुस्ती महाग आहे म्हणून इतक्या खाली. इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि संध्याकाळी, शक्यतो लांब पळून आल्यावर, त्याच्यावर उभे राहा. पूर्ण वजन टाकून. करंगळी बाहेर लोंबकळतेय का बघा. लोंबकळत असेल तर ती बुटात रोज आत ढकलली जाते आणि तिच्याबरोबर चवड्याची सगळी फळी. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, उतारावर तेवढी लागते. मी कॉलेजपासून ८ नंबर घालत होतो, आज ट्रेलला ९ घालतो, आणि हे कळायला मला एक काळं नख आणि दोन जोड्या लागल्या. नंबर कंपनीगणिक बदलतो त्यामुळे नंबरावर जाऊ नका, सेंटिमीटर बघा. लांबी बरोबर आणि रुंदी कमी, हा तर कायमचा घोळ, त्यात मोठा नंबर घेऊन उपयोग नाही, पुढून रुंद साच्याचाच बूट शोधावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या बोटामधला करंट जर रुंद बूट घालून दोन-तीन आठवड्यांत कमी झाला नाही तर मात्र घरगुती उपाय थांबवा, ती नस जाड झालेली असू शकते, तिला डॉक्टरच लागतो.

सोल आणि खालची जमीन. मिनिमलिस्टवाले, म्हणजे बूट जितका पातळ तितका चांगला मानणारे, मला शिव्या घालतील पण लिहितो. बुटाचा दोष नसतो, वाटेचाही नसतो, दोघांची जोडी चुकलेली असते. माळावर, भातशेताच्या बांधावर, कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पालापाचोळ्यावर पातळ सोल म्हणजे स्वर्ग. पण आपला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार? जांभा उन्हा-वाऱ्यात उघडा पडला की कडक होतो आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं, भोकाची प्रत्येक कड वर आलेली. त्याच्यावर ३०-४० हजार पावलं टाकली की चवडा बोलणारच, त्यात बिघाड काही नाही, नुसता हिशोब आहे. सोलवर अंगठा दाबून बघा, चवड्याखालचा भाग बाकीच्यापेक्षा मऊ, पातळ लागतोय, आतून खडा जाणवतोय, तर रबर संपलंय. नसेल संपलं आणि वाट सड्याचीच असेल तर आत ३ मिमीचा साधा इनसोल टाका, किंवा सोलमधे दगड टोचू नये म्हणून पातळ प्लेट असते तसला बूट त्या वाटेपुरता वापरा. पावसात सड्यावर शेवाळ धरतं तेव्हा कुठल्याच सोलची पकड चालत नाही, बोटं आकसून जमीन धरायचा प्रयत्न होतो आणि त्यानेही चवडा जळतो, तिथे मुकाट्याने चालायचं.

कोणीतरी नेहमी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं उदाहरण काढतो, की १९६० ला रोममधे तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला. जिंकला, खरंय. पण त्याला अनवाणी पळायचा सराव होता, आणि १९६४ ला टोकियोत परत जिंकला तेव्हा पायात बूट होते. आपले आजोबा शेतात अनवाणी चालायचे हेही खरं, पण ते आपले आजोबा, आपण दहावीपासून बाटा घालून एसीत बसलेलो.

पळायची पद्धत. इथून पुढे पैसे लागत नाहीत पण चिकाटी लागते म्हणून कठीण बाजूला धरतो. मित्राला सांगून मोबाइलवर बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा, ताजेतवाने असताना एक आणि २५ किमी झाल्यावर एक. दुसराच महत्त्वाचा. हार्वर्डच्या लिबरमनचा २०१० चा अभ्यास खूप गाजला, त्यात सवयीने अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर किंवा मधल्या भागावर उतरतात आणि टाचेवर आपटल्याचा जो पहिला झटका असतो तो त्यांना बसत नाही असं दिसलं. लोकांनी त्यातून काय घेतलं, तर टाच जमिनीला लावायचीच नाही! चोरासारखे टाचा उचलून पळतात. अहो झटका गेला म्हणजे वजन गेलं नाही, ते पोटरीवर आणि चवड्यावर आलं. चवडा आधी टेकू दे पण टाच खाली येऊन हलकी टेकलीच पाहिजे, प्रत्येक पावलाला. नाहीतर चवडा दिवसभर एकटा ओझं वाहतो.

दुसरं म्हणजे पावलांची गती. ३० सेकंदांत एका पायाची पावलं मोजा, चौपट करा. जी येईल तिच्यात ५ टक्के वाढवा, वेग तोच ठेवून, म्हणजे पाऊल आपोआप छोटं होतं आणि शरीराच्या पुढे पडायचं बंद होतं. मिनिटाला १८० च पाहिजेत असलं काही डोक्यात घेऊ नका. उतारावर ब्रेक मारत उतरण्याची सवय असेल तर तीही व्हिडिओत दिसेल, पाय पुढे टाकून चवडा घासत थांबवायचा, एका घाटउतारात तेवढ्याने दिवसाची वाट लागते.

वाढवण्याची घाई. माझं चौथं दुखणं हे होतं आणि तेच सगळ्यात महाग पडलं. लेस ठीक, मोजे ठीक, साइज ठीक, आणि मी नवीन पातळ बुटात सातव्या आठवड्याला ५० किमी टाकले कारण दम होता. दम महिन्यात वाढतो, स्नायू दोन-तीन महिन्यांत, हाडाला आणि टाचेमागच्या दोरीला त्याहून जास्त लागतात, आणि हाड तक्रार उशिरा करतं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत २०१३ मधे ३६ सवयीच्या धावपटूंवर केलेल्या अभ्यासात १९ जणांना पाच बोटांच्या पातळ बुटांवर हळूहळू आणलं, १० आठवडे, आणि एमआरआयमधे त्यातल्या १० जणांच्या पायाच्या हाडात सूज वाढलेली दिसली. नवशिके नव्हते ते. त्या बुटांच्या कंपनीने, व्हायब्रमने, फायद्यांच्या जाहिरातीवरून झालेला खटला २०१४ मधे ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. म्हणून बूट वाईट असं मी म्हणत नाही, मी अजून तेच घालतो, पण बुटाने आपोआप पाय मजबूत होतो ही भाबडी समजूत सोडा.

तर डायरी काढा, किंवा घड्याळातला डेटा, आणि बघा की पातळ बुटातले किमी कधीपासून किती वाढले. पहिला महिना आठवड्याच्या एकूण किमीपैकी दहावा भाग फक्त, बाकी जुन्या बुटात. मग हळूहळू. मला पूर्ण उतरायला वर्ष लागलं, गणेश चवथीपासून पुढच्या चवथीपर्यंत. सोबत एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, सावकाश, २५ वेळा होतंय का बघा. १२ लाच पोटरी थरथरते? मग ३० किमीनंतर चवडा का पेटतो याचं उत्तर मिळालं, पोटरी दमल्यावर तिचा भार खालच्या बारीक हाडांवर येतो. सकाळची टाचेमागची ओढ पण बहुतेक इथलीच असते.

थांबायचं कधी. इथे माझं किंवा कोणाचंच ऐकू नका, ऑर्थोपेडिककडे जा.

चवड्याच्या लांब हाडांवर वरून एकेक करून बोट दाबत जा. एका ठिकाणी दाबल्यावर तोंडातून आवाज निघाला, तिथे सूज आहे, पळताना दर किमीला वाढतं, रात्री पडल्यावरही ठणकतं, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, धरून चाला. उड्या मारून खात्री करायची गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हाडाला हे जास्त होतं, सैनिकांना लांब कवायतीत व्हायचं म्हणून त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणायचे. मधल्या कमानीच्या वरच्या भागात किंवा करंगळीच्या हाडाच्या मुळाशी दुखत असेल तर त्याच आठवड्यात जा, तिथली हाडं भरायला कुरकुर करतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. माझा आला होता. मी खूष होऊन परत पळालो आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेत हाड भरत असल्याचा पांढरा ढग दिसला, मग जे सहा आठवड्यांत मिटलं असतं त्याला चार महिने लागले. एक्स-रे स्वच्छ पण दुखणं तसंच, तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

मालिशवाल्याकडे, हाडवैद्याकडे ओढून-दाबून घ्यायला जाऊ नका. गोळी खाऊन पळू नका, दुखणं दाबलं की हाड तुटेपर्यंत कळत नाही, शिवाय लांब शर्यतीत अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या पेनकिलर किडनीवर जातात. टाचेमागे कोणीतरी लाथ मारल्यासारखा आवाज होऊन पाय लटका पडला, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागतेय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. डायबेटिस असेल आणि तळव्याला स्पर्श कमी कळत असेल तर पातळ बुटाच्या फंदात डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडूच नका, कारण इथे सगळा खेळ तळव्याने सांगण्यावर आहे.

भर शर्यतीत सुरू झालं तर माझा क्रम असा: लेस सोडणे, बूट झटकणे, मोजे बदलणे, मग १ किमी चालणे. चालताना कमी झालं तर सावकाश पळा. चालतानाही एकाच बिंदूवर दुखत राहिलं तर पुढच्या पाणपोईवर नाव सांगून बाहेर पडा. ड्रॉप बॅगमधे, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर आधी पाठवलेल्या पिशवीत, मी आता जुने जाड बूट ठेवतो, एक नंबर मोठे, आणि ५० च्या पुढे बहुतेक वेळा तेच घालून येतो.